यादीतल्या बायका

महाराष्ट्रात एक मतदान असं आहे की ज्यात उमेदवार नसतो आणि पक्षही नसतो. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. गावातलं दारूचं दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडव्या. ज्या बाईनं कधी पाटी हातात धरली नाही तिलाही बघताक्षणी कळावी अशी ही खूण आहे. ज्याला ती सुचली त्याला माझा मनापासून नमस्कार.

हा अधिकार २००८ सालच्या आदेशानं मिळाला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्या करून अर्ज द्यायचा. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्यांची पडताळणी करतो, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं गुप्त मतदान लागतं. अर्ज सगळ्या मतदारांच्या वतीनंही करता येतो, पण आमच्याकडे बहुतेक वेळा बायकाच पुढे होतात आणि मतदानही फक्त बायकांचं होतं. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप लागतं.

आता निम्म्याहून जास्त म्हणजे कशाच्या, ते बघा. मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्याहून जास्त नव्हे. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त.

समजा एका गावात १००० महिला मतदार आहेत. मतदानाच्या दिवशी ६०० जणी आल्या, म्हणजे कामाच्या दिवशी रोजगार बुडवून आल्या. त्यातल्या ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. दहातल्या आठ जणी म्हणाल्या की दुकान बंद करा. तरी दुकान चालूच राहतं, कारण ५०१ हव्या होत्या. ज्या ४०० आल्याच नाहीत त्या सगळ्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेल्या.

याच राज्यात आमदार निवडून यायला असलं काही लागत नाही. चौरंगी लढतीत पडलेल्या मतांच्या तिसऱ्या हिश्शावरही माणूस विधानसभेत जाऊन बसतो आणि पाच वर्षं आमच्या सगळ्यांच्या वतीनं कायदे करतो. यादीतल्या निम्म्या लोकांचा पाठिंबा आहे का, असं त्याला कोणी विचारत नाही. शाळेच्या वाटेवरचं देशीचं दुकान बंद करायला निघालेल्या बायकांना मात्र हे विचारलं जातं. हा अन्याय आहे, आणि तो नियमातच लिहिलेला असल्यामुळे सहसा कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीत असताना बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं, कामही केलं. मतदार यादी कशी बनते, कशी सुधारते आणि कशी सुधारत नाही, हे मी घरोघर फिरून पाहिलं आहे. आमचा पट्टा अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या पूर्वेचा, पाथर्डी-शेवगावकडचा. पाऊस कमी, जमीन हलकी, दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला. इथल्या यादीत माणसं राहतात पण गावात राहत नाहीत, आणि याचा सगळ्यात मोठा फटका बायकांच्या यादीला बसतो.

कारण साधं आहे. पुरुष जन्मतो त्या घरात बहुधा मरेपर्यंत राहतो. कामाला पुण्याला गेला तरी त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव बदलत नाही. बाईचं सगळंच बदलतं. अठरा पूर्ण झाली की माहेरच्या यादीत तिचं नाव लागतं, बापाच्या नावासह. वर्षा-दोन वर्षात लग्न होतं, ती दुसऱ्या तालुक्यात नांदायला जाते, तिथं नवऱ्याच्या नावानं नवा अर्ज भरला जातो. जुनं नाव कोणी काढत नाही. एकच बाई दोन गावच्या याद्यांत दोन वेगळ्या नावांनी बसलेली असते. कित्येक जणींचं तर सासरी नाव लागलेलंच नसतं, कारण आधारवर अजून माहेरचं आडनाव, रेशनकार्डात नाव नाही, आणि पत्त्याचा पुरावा सासऱ्याच्या नावावर. अशी बाई जिथं राहते तिथं मत देऊ शकत नाही, आणि जिथं राहत नाही तिथल्या हजारात मोजली जाते.

म्हणजे बायकांचा कौल ज्या यादीवर तोलायचा, तीच यादी बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकीची असते. दारूबंदीच्या चळवळीवर भाषणं पुष्कळ झाली, पण या गोष्टीवर मी फार कमी बोलणं ऐकलं आहे. माझ्या मते सगळी लढाई इथं अडते.

आमच्याच भागातलं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांना अजून तिथंच राहायचं आहे. गावात परवान्याचं देशी दारूचं दुकान, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी शाळा भरायच्या आधी ते उघडलेलं असायचं. बचत गटाच्या बायकांनी अर्ज करायचं ठरवलं आणि मला बोलावलं, कारण यादी कशी वाचायची ते मला येतं.

समाजमंदिरात संध्याकाळी बसलो. मी यादी वाचायची आणि बायकांनी सांगायचं. तो अनुभव मी विसरणार नाही. यादीतलं नाव म्हणजे एक ओळ असते. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय. मी ती ओळ वाचायची आणि समोरून तिचं आयुष्य उलगडायचं. "ही गेली, कोविडात." "ही बीडला दिली." "ही आहे, पण चिंचवडला असते, दिवाळीला येते." "ही लेकाकडं सुरतला." "हिला नवऱ्यानं टाकली, माहेरी गेली, कुठं असती काय माहीत." एका नावावर सगळ्या गप्प झाल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "तिनं विहीर जवळ केली. दारूपायीच. नाव काटा तिचं, बाई."

पण मला ते काटता येत नव्हतं. मयताचं नाव वगळायला फॉर्म ७ भरावा लागतो. असे अर्ज गठ्ठ्यानं घेत नाहीत, घरच्यांनी एकेक भरलेला बरा. ज्या घरात सासू वारली तिथल्या लेकानं आईचं नाव काढायचा अर्ज भरायचा, आणि तो लेकच रोज संध्याकाळी दुकानात असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीनं फॉर्म ८ भरून नाव सासरी न्यायचं, तर ती म्हणते, ताई, इकडं सासरी मला कोण कागद देतंय? हे सगळं आंदोलनाच्या बातमीत येत नाही. बातमीत घोषणा देणाऱ्या बायका येतात, झाडू हातात घेतलेल्या. पण निकाल ठरतो तो फॉर्म ७ आणि फॉर्म ८ वर.

ऊसतोडीचा भाग तर याहून अवघड. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. या काळात गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. यात मतदान लागलं तर त्या गावच्या बायकांचा पराभव मतपेटी उघडायच्या आधीच झालेला असतो. जिच्या नवऱ्याची उचल दारूत गेली, आणि ती फेडायला जी थंडीत पहाटे फडात मोळ्या बांधते, तिचंच मत मोजायचं राहतं. शंभर-दोनशे किलोमीटरवरून टेम्पो करून यायचं तर खर्च कोणी द्यायचा आणि मुकादमानं सुट्टी का द्यावी? आम्ही लेखी विनंती केली की मतदान पाडव्यानंतर लावा. ती ऐकली गेली, याचं मला आजही बरं वाटतं. सगळीकडे ऐकली जात नाही.

त्याआधी पडताळणी असते. सही केलेल्या प्रत्येकीनं अधिकाऱ्यांसमोर येऊन सांगायचं की ही सही माझीच आहे आणि समजून केली आहे. कागदावर हे रास्त दिसतं. गावात ते कसं होतं ते सांगते. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल मांडलेलं. रस्त्याच्या पलीकडे दुकानदाराची माणसं उभी, आणि त्यांच्यात गावचीच चार पोरं. सही रात्री घरात केलेली, आता ओळखपत्र घेऊन सगळ्यांच्या देखत उभं राहायचं. आदल्या रात्री घरोघर निरोप गेले होते. कोणाच्या नवऱ्याची उधारी काढली, कोणाला फुकट क्वार्टर पोचली. सकाळी रांग लहान होती. एक तरणी सून आली, अंगठा लावताना हात थरथरत होता. ग्रामसेवक भाऊसाहेब तिला म्हणाले, "घाबरू नका ताई, सावकाश." ती म्हणाली, "घाबरत न्हाई. रात्री मारलंय म्हून हात दुखतोय." त्यानंतर घरी बसलेल्या आणखी काही जणी येऊन रांगेत उभ्या राहिल्या. पडताळणी पार पडली.

मतदान गुप्त आहे हे फार चांगलं आहे. पण तिथवर पोचायची वाट उघड्यावरून जाते.

या अधिकारामागे मोठी परंपरा आहे. आपल्या राज्यात आजही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे आणि प्यायलाही परवाना लागतो. साठच्या दशकात बंदी सैल झाली, मग १९७३ च्या नियमांखाली देशी दारूची परवाना दुकानं आली. परवाना सरकारनं द्यायचा, महसूल सरकारनं घ्यायचा, आणि दुकानाच्या शेजारच्या घरात काय होतं ते बाईनं निस्तरायचं. याविरुद्ध गावागावात बायका उठल्या, तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाच्या आधारानं गावांनी ठराव केले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याच सुमाराला आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरता वर्गात बसलेल्या बायकांनी अरक या स्वस्त दारूच्या दुकानाविरुद्ध आवाज उठवला. ती आग राज्यभर पसरली आणि ऑक्टोबर १९९३ पासून तिथं अरकवर बंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी ठराव दिले. १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा कोरडा झाला.

आदिवासी भागात तर १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. तिथं मोहाच्या फुलांची दारू जगण्याचा आणि पूजेचा भाग आहे, म्हणून काय ठेवायचं आणि काय नाही हे गावानंच ठरवणं योग्य. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते.

आपल्या देशात लोकांना एखाद्या प्रश्नावर थेट मत विचारलं गेल्याची उदाहरणं बोटावर मोजण्यासारखी आहेत. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. जी बाजू हरल्याचं दुःख महाराष्ट्रात झालं तिनंही तो कौल मानला. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये रायगडच्या पेण तालुक्यात २२ गावांतल्या शेतकऱ्यांना विचारलं गेलं की महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी माणसं गावं पिंजून काढत होती. शेतकऱ्यांनी सपशेल नाही म्हटलं. पण त्या मतदानाचा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. आडव्या बाटलीचा निकाल बंधनकारक आहे. अंगणवाडीच्या मदतनीस बाईचा शिक्का आणि सरपंचबाईंचा शिक्का सारखाच, आणि दोघींनी मिळून सरकारनं दिलेला परवाना बंद पाडता येतो. एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याही मतात आपल्याकडे नाही. म्हणूनच तिच्या वाटेत ठेवलेला मृत नावांचा ढीग मला सहन होत नाही.

पैशाचं बोलायला हवं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये खात्यात येऊ लागले. मी त्या पैशाला नावं ठेवणार नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया कधी आला नाही, तिच्यासाठी बँकेतलं ते पासबुक मोठी गोष्ट आहे. मग जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज दिला. महाराष्ट्रात तयार होणाऱ्या धान्याच्या दारूचा एक नवा प्रकारही आणला. ज्या सरकारच्या तिजोरीला दारूचा एवढा आधार लागतो, ते दुकान बंद करायची वाट सोपी करील का, हा प्रश्न कुठल्या एका पक्षाचा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत सत्तेत सगळेच येऊन गेले. आमच्या गटातली एक जण म्हणाली, "बाई, पंधराशे येत्यात ते खरंच हाये. पण हप्ता आला की त्याला माझ्याआधी कळतं." तिचं पासबुक तिच्याकडे आहे, मोबाईल नवऱ्याकडे आहे.

मी राज्यभर सरसकट बंदीच्या बाजूची नाही, हे स्पष्ट सांगते. पुरोगामी मित्रमैत्रिणी मला विचारतात की कोणी काय प्यावं हे तुम्ही कोण ठरवणार. मी म्हणते, कोणी काय प्यावं हे ठरवायचं नाहीये. आमच्या दारात काय विकलं जावं यात आमचा शब्द हवा, एवढंच आहे. वरून आलेल्या बंदीचं काय होतं ते चंद्रपुरानं दाखवलं. तिथं चोरटी दारू वाढली, गुन्हे दाखल होत राहिले, सरकारनं नेमलेल्या रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली. ज्या बायका मैलोन्‌मैल चालल्या होत्या त्यांना ती उठवताना मतपत्रिका मिळाली नाही, आणि माझं दुखणं हेच आहे. बंदी ठेवायची की उठवायची, हे जिल्ह्यातल्या बायकांना गावोगाव विचारलं असतं तर जो निकाल आला असता तो मी मान्य केला असता.

न्यायालयाच्या वाटेनं आलेली बंदीही गावाला उलटी पडू शकते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं. हेतू अपघात कमी व्हावेत हा होता. पण दुकानं रस्त्यावरून उठली आणि वस्त्यांमध्ये शिरू लागली. देशभर कित्येक ठिकाणी बायकांना नव्या जागेसमोर धरणं धरावं लागलं. पुढे तो आदेश हळूहळू शिथिल झाला. परवान्याचं हेच आहे, तो मरत नाही, जागा बदलतो. एका गावच्या बायकांनी दुकान बंद केलं की शेजारच्या गावच्या बायकांनी सावध व्हावं.

आणि आपलं गाव बंद झाल्यावरही काम संपत नाही. किराणा दुकानात गोणीखाली देशीच्या बाटल्या येतात, दुचाकीच्या डिक्कीतून चपटी पोचते. ज्या गावात बायकांचा गट महिन्याला बसतो, पोलीस पाटलाला जाब विचारतो, तिथं हे आटोक्यात राहतं. जिथं मतदान जिंकून सगळ्या घरी गेल्या तिथं वर्षभरात ब्लॅकनं विक्री सुरू होते आणि दारू महाग झाल्यानं घरातून जास्त पैसा जातो. हे मी लपवणार नाही. पण परवान्याच्या दुकानावर पोरगं सकाळी शाळेत जाताना बापाला बघतं, आणि चोरून विकणाऱ्याला निदान लपावं लागतं. माझ्या लेखी हा फरक लहान नाही.

आमच्या त्या गावातल्या मतदानाचा दिवस कडक उन्हाचा होता. शाळेच्या दोन खोल्यांत केंद्र. पोलीस, तहसीलचे कर्मचारी, उत्पादन शुल्कचे लोक, सगळा निवडणुकीसारखाच थाट. बाहेर एकही पुरुष थांबू द्यायचा नाही, हे बायकांनी आधीच ठरवून अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. सकाळी सगळ्यात आधी म्हाताऱ्या आल्या, काठी टेकत. ज्यांच्या आयुष्यातलं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे त्या सर्वांत आधी आल्या, हे बघून माझं काळीज भरून आलं. एका आजींना शिक्का कुठं मारायचा ते नीट दिसत नव्हतं. त्या खोलीबाहेर येऊन मला म्हणाल्या, "झोपलेलीवरच मारला ना गं मी?" मी त्यांना सांगितलं की आजी, मला विचारू नका, ते गुप्त असतं. त्या म्हणाल्या, "गुप्त कशाला? सगळ्या गावाला सांगीन."

दुपारनंतर रांग आटली. बाहेरगावी राहणाऱ्या सुना-लेकींना फोन झाले. काही जणी एसटीनं आल्या, काही येऊ शकल्या नाहीत. संध्याकाळी मोजणी झाली. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती, उभीला अगदी थोडी मतं. आणि तरीही आकडा निम्म्याला थोडा कमी पडला. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं की आवश्यक बहुमत मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

बायका रडल्या नाहीत, चिडल्या. पहिला प्रश्न आला तो हा, की ज्या मेल्या आहेत त्यांची मतं त्याला कशी काय मिळाली? याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

२०२५ च्या नोव्हेंबरात विरोधी पक्षांनी मतदार यादीतल्या घोळाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. दुबार नावं, मयत नावं, एका घरात नको तितके मतदार, या गोष्टी टीव्हीवर रोज येऊ लागल्या. यादी शुद्ध हवी ही मागणी माझीही आहे. पण मला वाटतं की तिच्यात बायकांच्या नावांचा वेगळा विचार हवा. लग्नानंतर नाव हलवणं सोपं करायचं असेल तर विवाह नोंदणीच्या वेळीच ते झालं पाहिजे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, तर तिथूनच नाव वगळण्याची प्रक्रिया आपोआप सुरू व्हायला हवी. आणि दारू दुकानाच्या मतदानापुरता नियम बदलायला हवा. प्रत्यक्ष झालेल्या मतदानातलं बहुमत धरा, हवं तर किमान इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अट ठेवा. स्थलांतराच्या हंगामात मतदान लावू नका. पडताळणी घरोघर जाऊन करा, दुकानाच्या समोर नको.

शहरातल्या लोकांसाठी मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवं बिअर शॉप किंवा दारूचं दुकान काढायचं तर संस्थेची ना-हरकत लागेल. फार चांगलं झालं. सोसायटीला दुकान येण्याआधी विचारायचं, आणि आमच्या गावाला दुकान येऊन बसल्यावर यादीतल्या निम्म्याहून जास्त बायका गोळा करायला लावायच्या, हा फरक मात्र का असावा? गावाची संमती आधी घ्या, म्हणजे नंतर इतक्या बायकांना ओसरीवर उभं राहायची वेळ येणार नाही.

तोवर जे हातात आहे ते करायचं. त्या गावातल्या बायका पुन्हा अर्ज करणार आहेत, पण या वेळी सह्या शेवटी घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं आहे. आधी वर्षभर यादी. दर अमावस्येला गट बसतो तेव्हा हप्त्याच्या वहीबरोबर मतदार यादीही उघडते. कोणाची सून आली, तिचा फॉर्म भरला का? कोणाची लेक गेली, तिच्या सासरच्या बीएलओचा नंबर मिळाला का? कोणी वारलं, मृत्यूचा दाखला काढला का? ज्या लेकाला आईचं नाव काढायचा अर्ज भरायला जड जात होतं, त्याच्याकडे दोघी-तिघी जाऊन बसल्या आणि त्यानं सही केली. तुमच्या गावात किंवा वॉर्डात असा विचार चालू असेल तर पहिल्या दिवशी घोषणा लिहू नका. मतदार यादीची छापील प्रत मिळवा, जिला गावातली सगळी घरं माहीत आहेत अशी एक म्हातारी बाई गाठा, आणि पान एकपासून वाचायला बसा.